मला मिळालेली जात

माझा जन्म नैरोबीचा. वडील तिथं रेल्वेत नोकरीला होते. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण हिंदुस्थान म्हणून जो काही देश होता तो मी पंचविशीपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी नागपूरच्या एका शेतकी कॉलेजानं मला एका हंगामापुरतं पाहुणा विद्यार्थी म्हणून घेतलं. कपाशीचं हिरवंगार झाड उभ्या उभ्या का मरतं, हा माझा विषय. त्यासाठी पेरणीपासून वेचणीपर्यंत एकाच शेताजवळ मुक्काम हवा, आणि तो मला नेमून दिला वाशीमहून शिरपूरला जाताना लागणाऱ्या एका गावात. निघताना नागपुरात ज्यानं त्यानं पाठ थोपटली, मायदेशी परत आलात म्हणून. अरे, परत कसला? मी इथं आलोच कधी होतो? ते वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं.

ज्यांच्याकडे उतरलो ते गावातले बरे जमीनवाले शेतकरी. त्यांच्या बायकोला सगळं गाव काकी म्हणायचं, मीही म्हणू लागलो. गोठ्याला लागून एक स्वच्छ खोली मला दिली होती. भाकरी ज्वारीची, आणि ठेचा असा की पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. दार लावायची सोय नव्हती, म्हणजे कडी होती, पण ती लावली की लोक विचारायचे, बिमार हाय काय? येणारा सरळ माझ्या खाटेवर बसे, सूक्ष्मदर्शकात डोळा घाली आणि तोंडाला येईल ते विचारी. लगन काहून नाही केलं? तुमच्या तिकडे सिंव्ह गावात येते म्हंते, खरं काय? याचा मला राग नव्हता. उलट बरं वाटायचं, नागपुरातल्या त्या गुळगुळीत स्वागतापेक्षा.

काकींनी पहिल्याच दिवशी मला एक पितळी गिलास वेगळा काढून दिला. तो ओसरीवरच्या कोनाड्यात राहायचा, घासायचा मीच, आणि त्यात पाणी ओतलं जायचं ते वरून, धार धरून. जेवणही ओसरीवर, एकट्याला. मी आपला खूश. पाहुण्याचा मान म्हणतात तो हाच, अशी माझी समजूत. नागपूरला एकदा जाऊन आलो तर तिथं कौतुकानं सांगितलंसुद्धा. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कपाशीचा विषय काढला.

तोंड उघडलं ते सालदारानं. वर्षाच्या बोलीवर या घरची शेती करणारा हा गडी गावाबाहेरच्या वस्तीत राहायचा, आणि शेतात माझ्याबरोबर मेलेली झाडं मोजायला त्यालाच दिलेलं होतं. दुपारी बांधावर बसलो असताना मी त्याला गिलासाचं कौतुक सांगितलं. तो पोट धरून हसला.

"साहेब, असा खास गिलास मले बी हाय. माहा तिकडे गोठ्याच्या मांगं ठेवला हाय. तुमची जात अजून गावाले माईत नाही न, म्हून तुमचा ओसरीवर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच उठून घरी आलो आणि मालकांना ओसरीवरच गाठलं. त्यांनी काही लपवलं नाही. माणूस सरळ होता.

"राग नोका येऊ देऊ. मंग सांगून टाका न. सांगतलं का झालं."

"मला माहीत नाही."

"काय माईत नाही?"

"माझी जात. वडिलांनी कधी सांगितली नाही. आई मी लहान असताना गेली. आडनाव गावावरनं पडलेलं, आणि ते गावही मी पाहिलेलं नाही."

"असं होते काय कुठं? मानसाले सोताची जात माईत नाही?"

खोटं बोललो असतो तर पचलं असतं, खरं काही पचेना. दोन दिवसांत गावभर झालं की पोरगा लपवून राह्यला, म्हणजे नक्कीच जात खालची असणार. माझ्या खाटेवर येऊन बसणारे बंद झाले. घरात पाणी भरणारी बाई काकींना म्हणाली, तो ओसरीवर असेल तर मी घागर आणणार नाही. तेव्हा मीच बादली आणि दोर घेऊन विहिरीवर गेलो. म्हटलं, बघू कोण अडवतं. कोणी अडवलं नाही. पाणी ओढणाऱ्या सगळ्या बायांनी आपापले दोर वर घेतले आणि बाजूला उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "पोरा, तू हात लावशीन त आमी दिवसभर पान्याले कुठं जावं?" मला तिला चार शब्द सुनावायचे होते. पण मी रिकामी बादली घेऊन परत आलो.

पाणी नाही तर मुक्काम नाही, आणि मुक्काम नाही तर माझा अभ्यास गेला खड्ड्यात. वेचणीला अजून अवकाश होता. निम्मा हंगाम मोजलेली झाडं अर्ध्यावर टाकून बोटीत बसायचं, वडिलांना जाऊन सांगायचं की तुमच्या गप्प बसण्यापायी मला हाकललं. रात्री झोप लागेना. वडिलांचा राग, गावाचा राग, त्या पाठ थोपटणाऱ्यांचाही राग.

तोडगा मालकांनी काढला, आणि मला न विचारता. संध्याकाळी मला पारावर घेऊन गेले आणि चार लोकांत म्हणाले, "पोरगा आपल्यातलाच हाय. याच्या आज्याचं गाव पैनगंगेच्या तिकडे. माह्या मामाच्या सोयऱ्यातलं निघालं." मी आ वासून उभा. कोणी एक प्रश्न विचारला नाही. मालकांचा शब्द म्हणजे शब्द. एक जण तर म्हणाला की नाकावरून वाटतच होतं.

घरी येऊन मी भांडलो. मला विचारलंत का, हे खोटं कशाला, असं काय काय बोललो.

"कायले इचारू? तुमाले पानी पायजे का नाही?"

काकींनी तोवर मला आत चुलीपाशी बोलावलं, माठातलं पाणी भांडं भरून हातात दिलं, आणि मी घोट घेतो न घेतो तोच बहिणीच्या मुलीचा विषय काढला. त्या इतक्या आनंदात होत्या की त्यांच्यावर ओरडताही येईना. पाणी गार होतं. मी दोन भांडी प्यालो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी शेतात सालदार माझ्या आधी येऊन कामाला लागला होता. मला पाहून म्हणाला, "आयकलं मी. जात भेटली म्हंते तुमाले."

मग मात्र मी फुटलो. म्हटलं, आज पारावर जाऊन सगळं खरं सांगतो, होऊ दे काय व्हायचं ते, असल्या गावात मला एक दिवस राहायचं नाही. त्यानं मला बोलू दिलं. एक वाळलेलं झाड मुळासकट उपटून, माती झटकून माझ्या हातात ठेवलं.

"नोका सांगू. तुमी गेले त हे झाडं कोन मोजन?" म्हणाला. मग हाताची माती पुसत, "एक इचारू काय, साहेब? मालकानं तुमाले एका सांजेत जात देल्ली. तुमाले वळखत बी नाही तो. माहा बाप याच्याच वावरात राबून मेला. आमाले एखादी देऊन पाहावं असं त्याच्या मनात काहून नाही आलं कधी?"

आणि तो पुढच्या ओळीतली झाडं मोजायला लागला.