पांढऱ्याला विचारा, मावशी

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे आप्पा. खुर्चीत टेकले की आधी हात आत, मग नजर फळीवर. नवीन माणसाला वाटावं, याला थंडी वाजतेय की काय. तेही दौंडच्या उन्हाळ्यात. मीही पहिल्या दिवशी विचारलंच, तर म्हणाले, "हात मोकळा असला की डोक्याच्या आधी पळतो, मावशी. तुम्हीबी दाबा."

मावशी मी सगळ्यांचीच. शिक्रापूरला माझी खानावळ होती, कंपनीतली माणसं जेवायला यायची, त्यात हे एक फिटर. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरले, पण बाकीचे मावशी म्हणतात म्हणून हेही म्हणायचे. त्यांच्या कंपनीत एक जपानी साहेब काही दिवस कामाला आले होते. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आप्पांना गो नावाचा खेळ शिकवला. माझ्या खानावळीतही आप्पा आमटीच्या थेंबांनी टेबलावर काहीतरी मांडत बसायचे आणि मी फडक्याने पुसून टाकायचे.

पुढे गुडघे गेले, खानावळ बंद केली आणि मी दौंडला लेकीकडे आले. बघते तर रिटायर झालेले आप्पा दोन गल्ल्या सोडून राहायला.

"दिवसभर करता काय आता?" त्यांनी विचारलं.

"भांडते."

"मग गुरुवारी या. भांडायला फळी हाय माझ्याकडं."

फळी म्हणजे प्लायवूडचा तुकडा, त्यावर बॉलपेनने आखलेल्या एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा. सोंगट्या म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले नळाचे वायसर, काळे रबराचे, पांढरे नायलॉनचे. रेघ जिथे रेघेला कापते तिथे एकेक ठेवायचा. ठेवला की हलवायचा नाही. चारही बाजूंनी कोंडला गेला की उचलायचा. ज्याने जास्त जागा घेरली तो जिंकला. झाला खेळ. अर्ध्या तासात कळला आणि मी मनात म्हटलं, यात शिकायचं ते काय?

मग त्यांनी अभ्यास दिला.

तुम्ही म्हणाल, या वयात कसला अभ्यास. मीही तेच म्हणत होते. साहेबांच्या पुस्तकातून आप्पांनी एका वहीत कोडी उतरवून घेतली होती. बहुतेक कोड्यांत काळे वायसर कोपऱ्यात कोंडलेले, काळ्याने पहिली खेळी करायची आणि कोपरा जगवायचा, म्हणजे तिथले काळे पांढऱ्याला उचलू द्यायचे नाहीत. वही घरी न्यायची, रोज पाच कोडी. फळीवर काही मांडायचं नाही, हात मांडीखाली, सगळं डोक्यात. शिवाय मागच्या गुरुवारी हरलेला खेळ आठवून पहिल्यापासून मांडायचा.

मला पन्नास डबे पाठ होते हो. कोणाला कांदा चालत नाही, कोणाला चपाती नको भाकरी हवी, कधी चुकले नाही. पण हा खेळ विसाव्या खेळीपुढे आठवेल तर शपथ. एका गुरुवारी इतका वैताग आला की हाताने सगळे वायसर फळीवरून लोटून दिले. आप्पांनी खाली वाकून एकेक वेचला आणि माझाच खेळ माझ्यासमोर परत मांडला, पहिल्यापासून.

"हितं तुम्ही घाबरला," ते मांडता मांडता सांगत होते. "हितं लोभ सुटला. आन् हितं तुम्हाला चहाची आठवण आली."

"तुमच्या कसं ध्यानात राहतं?"

"तुमच्या डब्याचं कसं राहायचं? डब्यामागं माणूस असायचा. वायसरमागंबी कायतरी हेतू असतोय. नुसते ठेवत गेलात तर कसा आठवल?"

कोड्यांचं तर विचारू नका. मी उत्तर सांगायचे, काळा इथे, मग पांढरा तिथे, मग काळा जगला. आप्पा मान हलवायचे. "पांढरा तिथं कशाला जाईल? पांढऱ्याला विचारा, मावशी. तुम्ही त्याच्या ताटात तुम्हाला पायजे ते वाढताय. खानावळ न्हाई ही. त्याला काय पायजे ते बघा." दर गुरुवारी हेच. पांढऱ्याला विचारा. घरी कणीक मळतानाही कानात तेच वाजायचं, आणि लेक म्हणायची, "आई, कोणाशी बोलतेस?"

शेवटी मी केलं ते सांगते. उत्तरं वहीच्या मागच्या पानांवर होती. एकतिसावं कोडं आठ दिवस सुटेना, तेव्हा मागचं पान उघडलं आणि पाठ केलं. गुरुवारी हात मांडीखाली घालून, जरा विचार केल्यासारखं दाखवून सांगितलं.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चुकलं."

"कसं चुकेल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कारण ते मागच्या पानावरचं उत्तर चुकीचं हाय."

मला धरणी ठाव देईना. पण आप्पा रागावले नव्हते. वही पुढे ओढून म्हणाले, "साहेब मायदेशी गेल्यावर ध्यानात आलं. पांढरा हितं आला की काळा मरतो. उतरवताना मी चुकलो का पुस्तकातच चूक होती, कुणास ठाऊक. माझ्याकडं बरीच जणं शिकून गेली. समद्यांनी हेच उत्तर सांगितलं, आन् कुणी पांढऱ्याला विचारलं न्हाई."

"मग खरं उत्तर काय?"

"मला कळलं असतं तर खोडलं नसतं का?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस मला अभ्यास देतो आणि त्याचा स्वतःचा अभ्यास कितीतरी वर्षं तसाच पडलाय. ते पुढे म्हणाले, "घ्या तुम्ही हे. सापडलं की ते खोडा आन् खाली तुमचं लिवा. पण पेनानं. पेन्सिलीनं लिवलेल्यावर माणूस इस्वास ठेवत न्हाई."

त्यानंतरचे सगळे गुरुवार एकतिसाव्यातच गेले. मी काहीतरी घेऊन जायचे, आप्पा दोन खेळ्यांत मारायचे. मारताना त्यांनाच वाईट वाटायचं. "जवळ आलाय," म्हणायचे. मी चिडायचे. म्हणायचे, "मुळात जगतच नसेल हा कोपरा." तर म्हणायचे, "कोडं हाय म्हंजी जगतो. कोण कशाला मेलेलं कोडं पुस्तकात घालील?"

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी गेले तर त्यांच्या दारात चपलाच चपला. आप्पा पहाटे झोपेतच गेले होते. तेरावं झाल्यावर आप्पांच्या बायकोने, वहिनींनी, फळी, वायसरचे दोन डबे आणि एक खुर्ची माझ्याकडे पाठवून दिली. म्हणाल्या, "तुमच्या नावाचं ठेवून गेलेत असं समजा."

तेव्हापासून रोज बसते. कुणी तपासणारं नाही आणि अभ्यास मात्र आहे, यासारखा वैताग नाही. आणि या आठवड्यात सापडलं. अगदी काठावर, कोपऱ्याला चिकटून, जिथे कुणी शहाणा माणूस वायसर ठेवणार नाही. पांढऱ्याला विचारलं. इथे आलास तर? जगतो. तिथे आलास तर? तरीही जगतो. चार दिवस विचारत होते. आज सकाळी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

मग मनात आलं, पांढरा माझ्याच हातचा. मीच त्याच्या ताटात वाढत असेन तर?

गुडघे धरत उठले, फळीला वळसा घालून पलीकडे आप्पांच्या खुर्चीत जाऊन बसले. हात मांड्यांखाली घातले. इतके महिने झाले, त्या बाजूने कोपरा कसा दिसतो ते मी कधी बघितलंच नव्हतं. पुलावरून मालगाडी चालली होती, ती पुरती जाईपर्यंत नुसती कोपऱ्याकडे बघत राहिले.

आणि दिसली. एकच जागा, पण पांढऱ्याची. काळा मेला.

"जवळ आलाय," मीच म्हटलं, त्यांच्यासारखं. पेनाला टोपण लावलं आणि परत माझ्या बाजूला येऊन बसले.