गोंदण काही निघेना

माझी नात यवतमाळला नर्सिंग शिकते. सुट्टीत घरी आली की मोठ्यानं वाचते आणि मलाही शिकवते. परवा माझाच हात ओढून तिनं धडा सुरू केला.

"आजी, हा कातडीचा वरचा थर. हा सारखा झडते, खालून नवा येते. त्याच्या खालच्या थरात तुह्या गोंदणाची शाई बसून हाये. त्याच्याखाली चरबी."

"चरबीचं सांगू नको, ते मले दिसते."

बाकीचंही मला ठाऊक होतं. हा प्रयोग मी लग्नाआधीच केला होता, तोही पुस्तकाशिवाय.

तेव्हा आम्ही बाभुळगावजवळ राहत होतो. पुसदचं स्थळ चालून आलं होतं, मुलगा मास्तर. मला तो हवाच होता, न पाहताच. मैत्रीण म्हणाली, शहरातले लोक गोंदलेल्या पोरीला अडाणी समजतात. माझ्या तर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवी वेल, आईनं हौसेनं गोंदवलेली. अक्कल असती तर लांब बाह्यांचं पोलकं शिवलं असतं. मी राख आणि नारळाच्या काथ्यानं हात घासला, आणि वेल हलेना म्हणून बिब्ब्याचं तेल चोपडलं. बिब्ब्यानं अंगावर फोड येतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी पडले सातवी पास.

फोड टम्म फुगले, फुटले, वरची कातडी साल निघावी तशी निघाली. खाली वेल होतीच, उलट आणखी हिरवीगार.

"म्हशीले बी याच्याहून जास्त समजते वं," आई म्हणाली, आणि हळदीचं फडकं गुंडाळून मला पाहुण्यांसमोर बसवलं.

मुलाच्या आईनं पहिलंच विचारलं, "हाताले काय झालं?"

"चुलीवर भाजला," आई म्हणाली.

"सयपाक येत नाही का मंग पोरीले?"

आता स्थळ हातचं जाणार असं दिसलं, तेव्हा मीच फडकं सोडलं आणि राखेपासून बिब्ब्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मास्तर खाली मान घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. त्याच्या आईनं पदर मागे सारला. तिचे दोन्ही हात गोंदणानं गच्च भरलेले.

"कोणाले लाजून राह्यली होती वं तू? मले?"

ती आईकडे वळली.

"साक्षगंध अन् लग्न हिचा हात बरा झाल्यावर करू," ती म्हणाली, आणि मास्तरकडे बोट दाखवलं. "हा काही कुठी पळून नाही जात."