सरावासाठी माझा हात

खालच्या मजल्यावरच्या सरदारजींची बायको फिलिपिन्सची. तिची आई पहिल्यांदाच चंदीगडला येणार होती आणि सहा वर्षांच्या लेकीला तिकडचा नमस्कार येत नव्हता. त्यांच्यात मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. घरात सासू नाही, म्हणून म्हातारा हात माझाच मागितला.

मी ऐटीत हात पुढे केला. पोरगी दर वेळी पायांकडेच वाकायची. पंजाबी घरातली सवय. आईचा चेहरा उतरला. "आंटीजी, माझ्या आईला वाटेल, मी हिला आपलं काहीच शिकवलं नाही."

मला माझंच आठवलं. बदलीवर आलो तेव्हाची मी अतिशहाणी. मुलगा शाळेत मागे पडू नये म्हणून घरातही हिंदी बोलायचे, तीही अशी की दूधवाला तोंड फिरवून हसायचा. आता नातू मला हिंदीतच उत्तरं देतो.

"पुन्हा कर गं," मी म्हटलं. दहाव्या खेपेला तिचं कपाळ माझ्या हाताला टेकलं आणि तिची आई डोळे पुसत हसली.

सोफ्यावरून नातू म्हणाला, "दादी, मुझे भी."

"मराठीत माग, मग देते."

तो जरा अडखळला. "आजी, हात दे."