अमडापूरच्या अभ्यासिकेतलं वारं

अमडापूरला अभ्यासिका बांधायचं ठरलं, तेव्हा तिचा नकाशा मी करणार हे वडिलांनी मला न विचारताच जाहीर करून टाकलं. आमचं घर अमडापूरजवळच्या उंद्री गावात. वडील अमडापूरच्या शाळेत शिपाई होते. निवृत्त झाल्यावर ते आणि आणखी पाच-सहा जण विहारालगतच्या मोकळ्या जागेत पोरींना बसायला एक हॉल व्हावा म्हणून खटपट करत होते. पोलीस भरती, तलाठी भरती, नर्सिंग, सगळ्यांचा अभ्यास घरच्या एका खोलीत, टीव्हीच्या आवाजात चालायचा.

मी पुण्यात इमारतींच्या हवेचं काम करते. मोठ्या कचेऱ्यांत थंडावा किती हवा, ताजी हवा कुठून आत घ्यायची, कोंदट हवा कुठून बाहेर काढायची, हे ठरवणं माझं काम. वडील गावात एवढंच सांगायचे, "माही पोरगी हवेची इंजिनिअर हाय."

नकाशा मी मन लावून केला. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून इन्व्हर्टरवर चालतील असे दोन कूलर धरले. दुपारचं ऊन पश्चिमेला असतं, तेव्हा कूलर पूर्वेच्या भिंतीला, सावलीत. आणि हवा बाहेर जायला समोरच्या पश्चिम भिंतीत छताजवळ झरोके. बांधकाम चालू असताना मिस्त्रींचा एकदा फोन आला. "मॅडम, झरोके पश्चिमेलेच ठेवू ना? तिकून वारं लय येते." मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, "नकाशात आहे तसंच करा." त्यांनी तसंच केलं.

उद्घाटन मार्चमध्ये सकाळी दहाला झालं. कूलर लावले, गार झुळूक आली, सगळे खूश. मी पुण्याला परतले.

एप्रिलच्या शेवटी वडिलांचा फोन आला.

"पोरी दुपारी आत बसत नाईत. बाहेर लिंबाखाली जाऊन बसतात."

"कूलर बंद पडले का?"

"कूलर चालू हायेत. पन आत उकडते. लोकं मिस्त्रीले बोलून राह्यले, कामच बरोबर नाई केलं म्हनून."

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि गेले. दुपारी दोनला हॉलमध्ये पाय ठेवला आणि कपडे अंगाला चिकटले. कोपऱ्यात एकच मुलगी नेटानं बसली होती. ती म्हणाली, "ताई, पुस्तकाचं पान हाताले चिकटते. पेनाची शाई फुटते." मी कूलरचं पाणी पाहिलं, पंप पाहिला, आतलं गवत पाहिलं. सगळं ठीक होतं. मला काही सुचेना.

हॉल झाडायला आणि कूलरमध्ये पाणी भरायला एक मावशी यायच्या. पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर लोकांच्या शेतात राबलेली बाई. त्या बादली खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"काय पाहून राह्यली, बाई?"

"मावशी, कूलरची ओली हवा आतच कोंडतेय. ती बाहेर का जात नाही तेच कळत नाही."

"ते जाईन कशी?" त्या म्हणाल्या. "म्या वीस वर्सं खळ्यावर धान उफनलं. दुपार झाली का वारं बुलढान्याकून, मावळतीकून येते. तुह्या झरोक्यातून ते आत घुसते. तू इकून हवा ढकलतं, वारं तिकून ढकलते. मंधात पोरी शिजतात."

 मी विहारातून उदबत्ती आणली, स्टुलावर चढून पश्चिमेच्या झरोक्याशी धरली. धूर बाहेर जायला हवा होता. तो सरळ माझ्या तोंडावर आला. दुसऱ्या झरोक्याशी धरली, तिथंही तेच. खाली मावशी स्टूल घट्ट धरून उभ्या होत्या, म्हणाल्या, "उतर आता, डोये जयतीन."

ऊन कुठून येतं याचा मी बारकाईनं विचार केला होता, वारं कुठून येतं याचा नाही. पुण्यातल्या काचबंद इमारतींत सगळं यंत्रं करतात, वाऱ्याला विचारायची माझी सवयच गेली होती. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून उद्घाटनाच्या दिवशी काही कळलं नाही.

संध्याकाळी सगळे हॉलबाहेर जमले. मिस्त्री एका बाजूला मान खाली घालून उभे होते. मी त्यांचा फोन आणि माझं उत्तर, दोन्ही सगळ्यांसमोर सांगितलं. "चूक नकाशात आहे. यांनी मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही. आणि खरं कारण मावशींनी शोधलं."  वडिलांकडे बघायची हिंमत होईना.

 मिस्त्रीच पुढे आले आणि म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. भिंत फोडता येते. उद्या सकाळी येतो."

आणि ते आले. पूर्वेच्या भिंतीत छताजवळ नवे झरोके पाडले, कूलर पश्चिमेला नेले. जुने झरोके बुजवले. कूलरवर ऊन येऊ नये म्हणून मावशींनी तुराट्यांचे ताटवे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे आडोसे, बांधून द्यायचं कबूल केलं आणि चार बायका घेऊन ते दोन दिवसांत बांधलेही. पोरींनी गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले. मी रजा वाढवून घेतली आणि दिवसभर त्यांच्यात राहिले. तिसऱ्या दुपारी उदबत्ती धरली. धूर पूर्वेच्या झरोक्यातून झटकन बाहेर गेला. मावशी हसल्या, "हाव, आता कसं!"

घरी जाताना वडिलांना म्हटलं, "तुमची मान खाली गेली ना?"

ते म्हणाले, "काऊन जाईन? चूक तर कोनाच्याबी हातून होते. तू चारचौघांत मिस्त्रीची बाजू घेतली, ते म्या पाह्यलं."

त्यानंतर मी पुण्यातही कुठलंही काम हाती घेतलं की तिथले सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या बायका, यांना आधी विचारते. त्या जागेत सगळ्यात जास्त वेळ तेच असतात. हे मला शिकवायला मावशींनी काही मागितलं नाही, आणि मिस्त्रींनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. इतकी चांगली माणसं मी चुकले तेव्हाच भेटावीत, हे माझं भाग्यच.

पुढच्या मे महिन्यात दुपारी मुद्दाम गेले. हॉल भरलेला होता. थंडाव्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळ्यांच्या माना वह्यांत. मी दारात उभी राहून मावशींशी बोलू लागले, तर एका मुलीनं वर बघून म्हटलं, "ताई, जरा हळू बोला ना. सरावाचा पेपर चालू हाय आमचा."

मावशींनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो.