समईच्या उजेडातला फोटो

अकोल्याच्या कॅमेरावाल्यानं मला फसवलं, आणि माझा साळा शेजारी उभा राहून ते बघत होता. दुकानदाराचं मी समजू शकतो, त्याचा तो धंदा आहे. बायकोच्या सख्ख्या भावाचं मला अजून समजलेलं नाही.

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. त्या जेवायला बसल्या की त्या खोलीत विजेचा दिवा लावायचा नाही, फ्लॅश तर नाहीच. समया तेवढ्या. यंदा आई मुखवटे माझ्या बायकोच्या पदरात देणार होती. सासूकडून सुनेकडे ते एकदाच जातात. आईला मिळाले तेव्हाचा फोटो कुणी काढला नाही, हे मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून हा एक फोटो मला हवाच होता. मोबाइलवर त्या खोलीत माणसांचे चेहरे पिठल्यासारखे येतात. तेव्हा ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. शिकाऊ माणसाला झेपेल असा, स्वस्तातला.

साळा अमरावतीचा, चांदूर बाजारकडच्या लग्नांत फोटो काढतो. त्यानंच सांगितलं होतं की कॅमेऱ्यापेक्षा लेन्स बघा. तिच्यावरचा आकडा जितका लहान, तितका ती उजेड जास्त घेते. मी त्याला मुद्दाम अकोल्याला बोलावून घेतलं.

दुकानातल्या झगझगाटात कोणताही कॅमेरा चांगलाच दिसतो. मी दुकानदाराला मागच्या गोदामात नेलं, दिवे बंद करायला लावले, साळ्याला खोक्यावर बसवून फोटो काढला. त्याच्या मिशीचा केस न केस दिसला. मग भाव सुरू झाला. मी पायऱ्या उतरून गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी तो माझ्या आकड्यावर आला, आणि तिथंच मला शंका आली. इतक्या लवकर हा उतरला कसा? मांडणीतला, दहा हातांनी हाताळलेला नग गळ्यात मारत असणार. मी म्हटलं, हा नको, सीलबंद डबा काढ.

दुकानदारानं एकदा साळ्याकडे पाहिलं. साळ्यानं मोबाइलमध्ये मान घातली. ते पाहणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

डब्याचं सील मी चारी बाजूंनी तपासलं, नंबर बिलाशी ताडला. घरी मात्र तो उघडला नाही, कारण नवी वस्तू आमच्याकडे आधी देवापुढे जाते. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी हळदकुंकू लावून सील फोडलं. अंगणातल्या उन्हात फोटो छान आले. पाहुण्यांचे मोबाइल मी बाहेरच ठेवायला लावले.

आईनं मुखवटे दिले. बायकोनं पदर पसरला. मी बटण दाबत राहिलो. नंतर पाहिलं तर आईचा चेहरा म्हणजे पिवळा डाग, आणि बायकोचे हात धुरासारखे. लेन्सवरचा आकडा वाचला. तो मोठा होता. गोदामातली लेन्स ही नव्हतीच.

ती लेन्स घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, डब्यात कंपनी हेच देते. दाखवली ते वेगळी, तिचे पैसे वेगळे. सीलबंद तं तुमीच मांगतला."

साळ्याला मी फोनवर सरळ विचारलं, दुकानदाराकडून तुझा वाटा किती?

"भाऊजी, वाटा कायचा? तुमी भाव करून राहिले असता कोणाले बोलू देता का? मांगं टीव्ही घेताना बोललो तं तुमीच चार लोकांत म्हणाले, तुले काय समजते."

टीव्ही टीव्हीच्या ठिकाणी. डब्यात दुसरी लेन्स असते हे त्याला ठाऊक होतं, आणि फोटो कशाचा काढायचा आहे हेही.

बायको म्हणाली, मुखवटे पुन्हा हातात घेऊन बसू, आता चांगली लेन्स आणा. फोटो बिघडल्याचं न सांगता मी आईला नुसतं 'आणखी एक काढू' म्हटलं, तर तिनं ऐकून घेतलं नाही. "देल्लं ते देल्लं. फोटोसाठी वापस घेऊ का आता?"

वाटा घेतला नसेल, असं बायको म्हणते. मग तर आणखी वाईट, फुकटात गप्प राहिला. आई रोज विचारते, फोटो धुऊन आले का. मी काही सांगत नाही, आणि सांगणारही नाही. साळ्यानं अमरावतीहून यावं, तिच्यासमोर बसावं आणि फोटो का नाही ते स्वतःच्या तोंडानं तिला सांगावं.