बिरजूच्या बाज्याला जागा लागायची

बिरजू गल्लीत शिरला की माणसं आपसूक भिंतीला टेकायची. त्याच्या ट्रॉम्बोनची पितळी नळी सुरागणिक हातभर पुढं सरकायची आणि समोर असेल त्याच्या पाठीत बसायची. वाशीमच्या आमच्या बँडात समोर मी असायचो. बँड माझ्या वडिलांनी उभा केलेला, क्लॅरिनेट माझी आणि वरातीत सगळ्यांच्या पुढं चालायचा मानही माझा. दोन लग्नांत माझी पाठ काळीनिळी झाली आणि तिसऱ्या लग्नापासून तो पुढं, मी मागं. सोयीसाठी केलं, असं सगळे म्हणाले. मला ते आजही सोयीचं वाटत नाही.

तो मूळचा ब्राझीलचा, म्हणून बिरजू. बाप बंदरावर कॉफीची पोती वाहायचा. हा चर्चच्या मिरवणुकीत वाजवता वाजवता जहाजावरच्या बँडात शिरला, तिथून कलकत्त्याच्या हॉटेलात जॅझ वाजवायला आणि हॉटेल सुटल्यावर सर्कशीत. ती सर्कस वाशीमला आली तेव्हा तो तापानं फणफणला होता. सर्कस पुढं हिंगोलीला गेली, हा आमच्या ओसरीवर राहिला. दया मीच दाखवली, हे मुद्दाम सांगतो.

वर्षभरात तो आमच्यासारखं बोलायला लागला. "शिकवलेलं एकडाव वाजवाचं, मंग आपलं वाजवाचं," हे त्याचं नेहमीचं. चाल आमचीच घ्यायचा, पण बाज्याच्या तोंडावर माझ्या आईची पितळी वाटी धरून सूर असा वाकवायचा की हसू आणि रडू एकदमच यावं. अनसिंगच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरून ऐकत राहिला आणि वरात वेशीतच खोळंबली. मागं मी तीच चाल तिसऱ्यांदा अगदी बिनचूक वाजवत होतो. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परक्यांचं एक वेळ सोडा. एकदा आई मला जेवायला वाढताना म्हणाली, "तुहा बाजा आयकला का मले वरात दिसते. त्याचा आयकला का मले माहेर दिसते." मी ताटावरून उठलो. माझ्या वाटची भाकर बिरजूनं खाल्ली आणि आईनं त्याला वर तूपही वाढलं.

शेजारच्या मालेगावचे लोक लग्नाची सुपारी द्यायला आले की आधी नळीवाल्याचीच चौकशी करायचे. तीन वर्षं मी ते ऐकून घेतलं. मग एका दुपारी त्याच्या पेटीतल्या जुन्या पाकिटावरून मुंबईच्या एका गोवेकर बँडमास्तरचा पत्ता उतरवला आणि मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. याला घेऊन जा, एवढंच मला हवं होतं. पण नुसतं तेवढं लिहून कोण नेणार? म्हणून त्याच्या वाजवण्याबद्दल जे जे मनात होतं ते सगळं लिहिलं. दोन पानं झाली. रागानं लिहिली की कशानं, माहीत नाही.

महिन्याभरात त्याला बोलावणं आलं. मी मोठ्या आनंदानं त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी यायला वेळ होता. त्यानं खिशातून दोन घडी घातलेली पानं काढली. बँडमास्तरनं माझं पत्रच त्याला पाठवून दिलं होतं.

"तुले मी नको होतो, मले मालूम हाय," तो म्हणाला. "तरी एक अक्षर खोटं नाही लिवलं तू. मी असतो तं खोटं लिवलं असतं." मग त्यानं मला मिठी मारली आणि गाडीत चढला.

पुढं मुंबईत त्याचं नाव झालं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो मायदेशी गेला, एवढं कानावर आलं. मला त्याचा हेवा वाटायचा तो अजून वाटतो. पण त्याच्या वाजवण्याचा नाही. मनातलं असं समोरासमोर सांगून टाकणं त्याला जमलं. मी तीन वर्षं त्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, आणि जे परक्याला दोन पानं भरून कळवलं, त्यातला एक शब्द त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. स्टेशनवरही नाही.