खराब ओळ आधी

मनीषा मला पहिल्या भेटीत अजिबात आवडली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागले की कुणी म्हणायला नको, काकू पहिल्यापासूनच तिच्या बाजूच्या.

दिंडोरीत माझं खतं-औषधांचं दुकान आहे. मालक गेल्यापासून मीच बसते. दुकानापुढं लिंबाखाली एक बाकडं टाकलंय आणि इथल्या द्राक्षवाल्यांची निम्मी शेती त्या बाकड्यावरच होते. दोन वर्षांपूर्वी ही बाई नाशिकहून आली, कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, मी द्राक्षबागांना सल्ला देते. कुणाला हवा असेल तर माझा नंबर द्याल का?" चहा घे म्हटलं तर म्हणे घाईत आहे. आमच्याकडं जो चहा नाकारतो त्याला बाग कुणी दाखवत नाही, पण हे तिला कोण सांगणार?

शिकलेली होती, कामाची होती. कृषीची पदवी, मग प्रयोगशाळेत वेलीच्या पानांचे देठ तपासायचं काम, मग एका औषध कंपनीत नोकरी. तिथं बागेला गरज असो नसो, औषध लिहून द्यावं लागायचं. हिला ते पचेना. नोकरी सोडली आणि स्वतंत्र सल्लागार झाली. एकरी फी घेणार, औषध एकही विकणार नाही, आणि जिथं गरज नाही तिथं 'फवारू नका' असं स्वच्छ सांगणार. म्हणजे थेट माझ्याच पोटावर पाय! मी तिचा नंबर कुणाला द्यायला बसलेय होय?

तिचं सगळं काम फोनवर चालायचं. इंदिरानगरच्या फ्लॅटमधून. नवरा महेश अंबडला कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या, घरी एकच गाडी. तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला होता. शेतकऱ्यानं पानांचे, घडांचे फोटो टाकायचे, हिनं बघून सांगायचं. आमचे बाकड्यावरचे लोक तिला 'फोनवाली म्याडम' म्हणायचे. सहादूदादा तर फार हसायचे. ते या भागातले जुने सल्लागार, निम्म्या तालुक्याच्या बागा त्यांच्या पायाखालच्या. "फोनवर डाऊनी दिसती व्हय?" म्हणायचे. डाऊनी म्हणजे आमच्या बागांचा वैरी, बुरशीचा रोग. ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला की घडाचा घड घेऊन जातो.

गेल्या छाटणीनंतर तिच्याकडच्या बागा वाढायच्या ऐवजी कमीच होत चालल्या. तेवढ्यात दुसऱ्या एका औषध कंपनीनं तिला बोलावणं धाडलं. काम पुन्हा तेच, औषध खपवायचं. दिवाळीनंतर कळवा म्हणाले. महेश म्हणाला, तुझं तू ठरव. पण घराचे हप्ते एकट्याच्या पगारावर चाललेत हे तिला दिसत होतं. तोवर बागा जमल्या तर ठीक, नाहीतर गळ्यात पुन्हा तोच पट्टा.

आणि नेमका तेव्हाच लहानूचा घोटाळा झाला.

लहानू आमच्या पलीकडच्या वस्तीवरचा, साधा गडी. ऑक्टोबरात दोन दिवस पाऊस लागून राहिला. लहानूनं ग्रुपवर बागेचे फोटो टाकले. हिरवीगार पानं, स्वच्छ घड. मनीषानं लिहिलं, बाग निरोगी आहे, आणखी फवारणीची गरज नाही. आठवडाही गेला नाही तोच लहानूच्या बागेत डाऊनी बसला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "म्याडमनीच नको सांगितलं होतं ना?" त्यावर एकेक जण ग्रुप सोडून जायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा बसनं दिंडोरीत उतरली आणि थेट दुकानात आली. डोळे सुजलेले. "काकू, लहानूभाऊंची वस्ती कुठं आहे?" मी म्हटलं, आधी चहा घे. या वेळी मुकाट्यानं घेतला. खरं सांगते, माझ्या मनात दोन्ही होतं, कीवही आणि मजाही. दुकानाचं शटर ओढलं आणि तिला माझ्या स्कूटीवर मागं बसवलं.

बागेत शिरल्यावर मला नवलच वाटलं. रस्त्याकडच्या ओळी अगदी फोटोतल्यासारख्या, नजर लागावी अशा. मनीषा मात्र थांबली नाही, पार ओढ्याकडच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथं सगळा अंधार. फेलफुटी, म्हणजे बिनकामाचे कोंब, काढलेल्या नाहीत, पानांची नुसती गर्दी, खाली ओल, आणि घड तपकिरी पडून वाळलेले.

"भाऊ, फोटो कुठल्या ओळीचे पाठवले होते?" तिनं विचारलं.

लहानूनं मान खाली घातली. "रस्त्याकडल्या. ताई, त्या ग्रुपात सावळीरामतात्या बी हाय, नुसते बघाया. त्यांच्या घरी आमच्या पोरीची बोलणी चालू हाय. लोक पोरगी बघायच्या आधी बाग बघत्यात. पिवळी पानं कशी टाकू मी?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती झाकायला गेला डॉक्टरपासून. अशी चूक आमचेच लोक करू जाणोत. मी मनीषाला बाजूला घेऊन म्हटलं, "लिही आत्ताच्या आत्ता ग्रुपवर, की यानं भलत्याच ओळीचे फोटो पाठवले. तुझी चूक नाहीच, मोकळी हो."

तिनं फोन काढला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग मला दाखवलं. 'लहानूभाऊंची बाग मी स्वतः येऊन पाहिली नव्हती. न बघता सल्ला दिला, ही चूक माझी. यापुढं ज्या बागेत पाय ठेवला नाही, त्या बागेला सल्ला देणार नाही.'

"अगं, वेडी आहेस का? स्वतःच्या पायावर धोंडा?"

"त्यांच्या मुलीचं लग्न मोडेल, काकू," ती म्हणाली. "आणि मी आले असते तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं."

मला तिचा राग आला, आणि त्याच घडीला ती मला आवडायलाही लागली. लहानूला तिनं राहिलेल्या ओळी कशा वाचवायच्या ते सांगितलं, आणि तिथं औषध लागणार होतं तर औषधही सांगितलं.

माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून ही हकिकत मी सहादूदादांना, फक्त त्यांनाच, सांगितली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मनीषा बाकड्यावर आली तेव्हा त्यांनी स्वतः सरकून जागा दिली. "बस, पोरी. आता तू माणसात आली." मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते दुपार कलली तरी संपेना. दादांना देठ तपासणीचा कागद नीट उलगडायचा नाही, तो तिनं त्यांना समजावला. त्यांनी तिला कुठल्या शिवारात पाणी साचतं, कुठं धुकं आधी उतरतं, ते सांगितलं. दादांच्या गुडघ्यांनी आता लांबच्या बागा होत नव्हत्या. त्यातल्या काही त्यांनी तिच्याकडं दिल्या. नुसता नंबर दिला नाही, एकेका बांधावर स्वतः जाऊन सांगितलं, "ही आपली मनीषा." दोन वर्षं तिची कार्डं माझ्या गल्ल्यात पडून होती, त्या कार्डांनी एक बाग आणली नव्हती.

दर आठवड्याला एका बागेत फेरी काढायची, हेही त्या दोघांचंच ठरलं. ज्याची बाग त्यानं चहा करायचा, आणि नियम एकच, खराब ओळ आधी दाखवायची. पहिल्या फेरीला मी धरून चार टाळकी. दुसऱ्या फेरीला थोडी जास्त. पण खराब ओळ दाखवायची वेळ आली की जो तो म्हणायचा, आमच्यात तसं काही नाय. दिवाळी झाली. कंपनीचा माणूस उत्तर मागू लागला. बागा आल्या होत्या, पण घर चालेल इतक्या नव्हत्या. महेशला सांगून तिनं सोमवारी होकार कळवायचं ठरवलं. मला म्हणाली, "काकू, निदान प्रयत्न तरी केला."

त्या रविवारची फेरी लहानूच्या बागेत होती. आम्ही जाऊन बघतो तर गर्दी. सहादूदादांनी माणसं गोळा केली होती, आणि त्यात पांढरी टोपी घालून खुद्द सावळीरामतात्या उभे. लहानूचा चेहरा पांढराफटक पडला. मनीषाच्या ते लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "भाऊ, आज रस्त्याकडनं सुरुवात करू." म्हणजे स्वतःचाच नियम मोडायला निघाली होती.

लहानूनं मान हलवली. मग म्हणाला, "नाय ताई. ओढ्याकडं चला."

पुढं तो, मागं सगळे. वाळलेल्या घडांपाशी थांबून त्यानं होणाऱ्या व्याह्यांकडं पाहिलं. "तात्या, हे माझं खरं. तुम्ही बघताल म्हणून म्या चांगल्या ओळीचं फोटो टाकलं. ताईंनी दोष अंगावर घेतला, माझं नाव नाय सांगितलं. आता तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा."

सावळीरामतात्यांनी एक घड हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि सोडून दिला.

"घरोघरी मातीच्याच चुली," ते म्हणाले. "आमच्या विहिरीकडल्या चार ओळी बघशील तर ह्याच्या वरताण. पोरीचं बोलणं ठरलंय, त्यात बदल नाय." मग मनीषाकडं वळले. "ताई, माझ्याकडं कधी येता? सगळी बाग तुमच्या हाती देतो. पर आधी विहिरीकडं नेणार, ऐकून ठेवा."

आणि मग बांध फुटावा तसे सगळे बोलायला लागले. माझ्या मागल्या तुकड्यात, माझ्या पाटाकडं, आमचं तर लय वाईट हाय ताई, आधी आमच्याकडं या. इतके दिवस ज्यांच्यात काहीच नव्हतं, त्यांचे सगळ्यांचे रोग त्या एका सकाळी बाहेर आले. मनीषा मधोमध उभी, हसतेय का रडतेय तिचं तिलाच कळत नव्हतं. माझं मला कळत होतं, मी चक्क रडत होते.

गर्दी चहाकडं वळली तेव्हा तिनं महेशला फोन लावला. "सोमवारी कंपनीत फोन करायला वेळ नाही मिळणार," ती म्हणाली. "तात्यांच्या बागेत जायचंय. तूच कळवशील का त्यांना, की मी येत नाही?"